श्वास रोखा

मुलीनं पाठवलेला रोल दसऱ्यानंतर चार दिवस
फ्रिजमध्ये सांबाराच्या जुडीशेजारी पडून होता.
काळी डबी, काळं झाकण, आत छत्तीस फोटोंचा अंधार.
कंपनी नवी. नाव धड उच्चारता येईना.
चिठ्ठीत एवढंच: बाबा, करून पाहा.

मी मेयोच्या एक्स-रे खात्यात एकतीस वर्षं.
काळं-पांढरं मला कोणी शिकवू नये.
काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे हाड,
मधल्या करड्यात काय आहे ते डॉक्टर सांगतील,
असं मी सगळ्यांना सांगत आलो.
चेहरा कधी फिल्मवर आलाच नाही.
हनुवटी वर करा म्हटलं
की तो चौकटीबाहेर राहायचा.

आश्विनातलं ऊन पावसानं धुतलेलं,
पण नागपूरचं,
दहा वाजताच पाठीत शिरलेलं.
धकात्यांच्या दुकानातला जुना कॅमेरा,
त्याचा लाइटमीटर केव्हाच मेलेला.
खोक्याच्या आत छापलं होतं:
लख्ख उन्हात सोळा, सावलीत पाच-सहा.

पहिले दहा-बारा वायाच घालवले.
संत्रा मार्केटातला आंबिया तसाही हिरवाच,
त्याचा रंग गेला काय, राहिला काय.
टपालपेटीचा लाल करडाच येणार हे ठाऊक होतं,
तरी काढला.
तेलंगखेडीच्या उतारावर सीताफळं विकणारं पोट्टं
ऐन वेळी हललं.

शुक्रवारी तलावाच्या कठड्याशी
एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती.
पाटीत काळ्या शिंगांचा ढीग,
वर एकच सोललेला, दुधाच्या दातासारखा.
म्हटलं, फोटो काढू का? रंगीत नाही येणार.
"शिंगाड्याले कायचा रंग, भाऊ. काढा."
सवयीनं विचारलं, नाव? वय?
"भागरता बावणे. वय लिहा साठ,
नाही तं पासष्ट."

कॅमेरा डोळ्याला लावला
आणि शिशाच्या दारामागून, एकतीस वर्षांमागून
तोंडातून निघून गेलं:
श्वास घ्या. रोखा.

तिनं घेतला. रोखला.
गाल फुगले, खांदे वर, काळी पोत ताणलेली.
तलाव थांबला वगैरे म्हणणार नाही मी.
टिटवी ओरडतच होती, मागे ऑटोवाला हॉर्न देत होता.
बटण दाबलं, रोल पुढे सरकवला,
खिशातलं पेन शोधत बसलो,
आणि मान वर केली तर
ती अजून तशीच,
डोळ्यांनी विचारत होती, सोडू का जी?

रात्री न्हाणीघर बंद करून घेतलं.
नळाचं पाणी तीस डिग्री. पुडीवर लिहिलेलं वीस.
वीस हे कुठलं गाव कोण जाणे.
रसवंतीवाल्याचा बर्फ बादलीत फोडला
तर शकुन दाराबाहेरून,
"बर्फानं आंघोळ करता का आता?"
साडेनऊ मिनिटं. दर मिनिटाला डबा उलटा, सुलटा.

ओली पट्टी ट्यूबलाइटपुढे धरली.
आधी फुप्फुसं शोधली मी, खोटं कशाला बोलू.
नव्हती.
उजळ चेहरा होता, केस काजळासारखे,
वीस-बावीसची असेल.
समोर शिंगाड्यांचा पांढरा ढीग,
वर एकच काळा.

प्रिंट द्यायला गेलो तेव्हा
तिनं लुगड्याला हात पुसून कागद कडेनं धरला.
बराच वेळ.
"ही मी नोहो, भाऊ. ही तं माही माय होय."
मग कागदावरचा फुगलेला गाल
बोटानं हळूच दाबला.
"सोड व माय."

पावशेर शिंगाडे बांधून दिले. पैसे घेतले, दहा कमी.

मुलीला कळवलं: फिल्म बरी आहे.
सावल्या जरा लवकर बुडतात.
आणखी दोन पाठव.