उशिरा तापलेली शाळा

शिक्षक दिन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी,
म्हणून शुक्रवारीच वर्गणी, घरटी दोनशे सोम.
पालक समितीची वही यंदा माझ्याकडे आहे.
गणिताच्या बाईंना शाल,
मुख्याध्यापकांना चॉकलेटचा डबा,
बाकी सगळ्यांना शेवंती,
नारिनच्या बाजारातून येता येता
घाटातच अर्धी मान टाकणारी.

आयजमाल पावावर साय फासत वहीत डोकावली.
"खिडक्यांना घाम आणतो
त्याचं नाव कुठाय?"
कुणाचं, म्हटलं.
"अगं, वर्गातल्या खिडक्यांना.
आम्ही रोज सकाळी त्यांच्यावर बोटानं घोडे काढतो."

मला नाव माहीत नव्हतं.
अकरा वर्षं मी शाळेच्या धुराड्याकडे बघून
वारा कुठला ते ठरवते,
कपडे अंगणात घालायचे की मागे,
आणि मला नाव माहीत नव्हतं.

शेजारच्या बुरुलला विचारलं.
"कोळसेवाला," ती म्हणाली.
दुकानदार म्हणाला, "तो उधार नेत नाही,
म्हणून माझ्याही वहीत नाही."
शेवटी फरशा पुसणारी झेयनेप
फडकं पिळता पिळता म्हणाली,
"असानकुल.
पहाटे चारला येतो, कुत्रा घेऊन.
चहात मीठ जरा जास्त लागतं त्याला."

आता त्याला द्यायचं काय?
कोळशाच्या खोलीत शेवंती कुठं ठेवणार?
नुरदीनच्या बापानं जुन्या खोगिराचं कातडं कापून
हातमोजे शिवले, डावा थोडा मोठा झाला.
मुलांनी चौकटीच्या वहीची पानं फाडली.
कुणी लिहिलं, तुमच्यामुळे माझ्या पेनातली शाई गोठत नाही.
कुणी कागदावरच घोडा काढला, पाच पायांचा.
आणि एरमेक, जो परीक्षेतही
नावापलीकडे काही लिहीत नाही,
त्यानं लिहिलं:
मी पाइपाजवळ बसतो. रहमत.

रविवारी संध्याकाळी मीच तो गठ्ठा
बॉयलरच्या खोलीत फळीवर ठेवून आले.
रात्री अंथरुणात आठवलं,
त्याच फळीवर शाळा रद्दी ठेवते,
मागच्या वर्षीचे पेपर, फाटके नकाशे,
पेटवणासाठी.

साडेचारला मी रस्त्यावर,
झोपायच्या झग्यावर नवऱ्याचा कोट.
बादल्यांतल्या पाण्यावर बर्फाची साय.
खोलीत दिवा होता.
धुराड्यातून धूर नव्हता.

खिडकीतून पाहिलं:
उपड्या बादलीवर बसलेला माणूस,
एका दांडीचा चष्मा, दुसरीकडे सुतळी,
हातमोजे गुडघ्यावर नीट जोडून ठेवलेले.
एक कागद दिव्याजवळ धरायचा,
मग दुसरा,
मग पुन्हा पहिला.
कुत्र्यानं मान उचलून माझ्याकडे पाहिलं,
भुंकला नाही.
मीही दार वाजवलं नाही.

त्या सोमवारी शाळेच्या खिडक्या कोरड्या.
मुलं कोट घालून बसली,
पाढे म्हणताना तोंडातून वाफ.
बाईंना शाल लगेच कामी आली.
कुणीही तक्रार केली नाही,
मुख्याध्यापकांनीसुद्धा,
फक्त चॉकलेटं वाटली म्हणे.
नऊ वाजून गेल्यावर कुठे पाइप ठकठकले.

"आज घोडे काढताच आले नाहीत,"
आयजमाल दप्तर टाकत म्हणाली,
आणि बूट काढता काढता थांबली.
"म्हणजे वाचली त्यानं.
सगळी."

मंगळवारी बुरुलनं कुंपणावरून विचारलं,
कपड्यांची टोपली कमरेवर:
"वारा कुठला गं आज?"
मी वर पाहिलं.
म्हटलं, असानकुलचा धूर सरळ वर चाललाय.
घाल कपडे.