पोचपावती

पहिली नोटीस ईमेलने गेली होती म्हणे.
मादाम तांगीला पत्ताच नाही.
तिचा ईमेल उघडतो शेजारचा गुल्वेन,
तोही भरतीच्या वेळा बघायच्या असल्या तर.

दुसरी मी नेली.
रजिस्टर, दोन ठिकाणी सही.
ब्रिटनीच्या या टोकाला वारा असा
की टपाल हातात नाही, छातीशी धरायचं.
तिने चष्मा शोधला, मग दुसरा चष्मा,
मग म्हणाली, सोलांज, तूच वाच.

आपल्या जोडणीवरून रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी
एका संरक्षित कलाकृतीची बेकायदा प्रत.
जोडणीची काळजी घेणं हे आपलं कर्तव्य.
जोडणी म्हणजे कोण, तिने विचारलं.
मी फडताळावरच्या डबीकडे बोट दाखवलं,
हिरवा दिवा लुकलुकत होता.
ही? हिला तर मी रोज पुसते.

मग कॉफी. मग सगळं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात बंदरावर शूटिंग झालं.
नट पॅरिसचे, चिखल इथला.
सार्डिनच्या कारखान्यातून पंधरा माणसं उचलली,
दिवसाची मजुरी आणि वर जेवण.
धक्क्याच्या कठड्यावरून, पडद्याच्या अगदी वरच्या कडेला,
जोब शिडी घेऊन जातो,
बघायचं नाही असं बजावलं असूनही वळून बघतो,
आणि जातो.
चार सेकंद.
घरात नवऱ्याचे फोटो नऊ, सगळ्यांत तो उभा.
चालणारा जोब जगात एवढाच.

कंपनीला तिने सहा पत्रं लिहिली. तीही मीच नेली.
कॅसेट विकत द्या.
डीव्हीडी द्या.
मग, काय असेल ते द्या, पैसे किती?
चौथ्याला उत्तर आलं, जाड कागदावर:
सदर चित्रपट कोणत्याही स्वरूपात वितरित करण्याचा
तूर्तास विचार नाही.
एकोणीस वर्षांचं तूर्तास.

गुल्वेनला बारा मिनिटं लागली.
कुणा पोलिश माणसाने टीव्हीवरून उतरवून ठेवलेला,
खाली पोलिश अक्षरं,
कोपऱ्यात बंद पडलेल्या वाहिनीचा कोंबडा.
तिने शिडी अकरा वेळा पाहिली.
बाकीचा सिनेमा? छे.
नायक तिला तेव्हाही आवडला नव्हता.

तिसऱ्या नोटिशीवर सरकारी वकिलाची सही होती.
त्याच आठवड्यात गाडीतल्या रेडिओवर एक निर्माता,
फुकट्यांनी आम्हाला भिकेला लावलं म्हणत होता,
भरल्या पोटाच्या आवाजात.
तरी मला तो सगळाच खोटा वाटला नाही.
माझा भाचा गाणी ध्वनिमुद्रित करायचा,
आता दुकानांना शटर बसवतो.
हे मी मादामला सांगितलं.
ती म्हणाली, मग त्याचे किती झाले ते सांग,
आणि बिस्किटांचा डबा उघडला.
आत बिस्किटं नव्हती.

किंपेरच्या कोर्टात दीडशे युरो दंड,
वर महिनाभर हिरवा दिवा बंद.
डबी ती तरी पुसतच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात सिनेमा आला.
उजळून, धुऊन, बत्तीस युरोंच्या खोक्यात.
तिने रीतसर मागवला, मी नेला,
आणि माझी फेरी थांबवून बसले तिच्या शेजारी.
आजकालचे पडदे रुंद आणि बुटके,
म्हणून चित्र वरून-खालून थोडं कापलेलं.
बंदर आलं. कठडा आला.
बूट चालत गेले, शिडीचं खालचं टोक गेलं,
एक हात, कमरेचा पट्टा.
डोकं वर राहिलं, कुठेतरी पॅरिसमध्ये, जमिनीवर पडलेलं.

तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा बूट.
म्हणजे, ती म्हणाली,
मी चोरलं ते यांच्याकडे नव्हतंच.

खोका तिने परत बांधला,
त्याच दोरीने, त्याच गाठी.
रजिस्टर कर. पोचपावतीसह.
कागद यंदापासून बंद झालेत;
मी यंत्र पुढे केलं, काचेवर बोटाने सही.
नाव उमटलं नाही,
एक तिरकी रेघ उमटली नुसती.
यंत्राने ती चालवून घेतली.