मेणकापड

कोथिंबिरीच्या जुड्यांचे रबर मी वर्षभर जमवते.
पोळ्याच्या रात्री मोजले: तेवीस.
साडीच्या दुकानातली जाड पारदर्शक पिशवी,
तिच्या बुडाला लेन्सएवढं भोक,
भोकाच्या कडेला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर रबर,
अन् वरून नशीब.
बॅगेच्या कप्प्यांत बुटांच्या खोक्यांतल्या त्या पुड्या,
ज्यांवर 'खाऊ नका' लिहिलेलं असतं.

हे सगळं धकातेंनी शिकवलं,
बर्डीवर, जिन्याखालच्या साडेचार फुटांत,
जिथं उभं राहून कुणालाच बोलता येत नाही.
डोळ्यात भिंग अडकवून ते माझी लेन्स उजेडाला धरत:
"हे पाय, बुरशी. कोळ्याचं जाळं वाटते ना?
कॅमेऱ्याले पाऊस मारत नाही पोरी,
पावसानंतरचं कपाट मारते."
तांदळाच्या डब्यात ठेवला होता, म्हटलं.
"कायले? खिचडी करतं का त्याची?"

मग हळू, बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसं:
पाणी आत गेलं तर चालू करून पाहायचं नाही.
आधी बॅटरी काढायची.
पुसायचं नाही, टिपायचं.
एसीतून बाहेर आलं की काचेला घाम येतो,
तो तिचा तिला वाळू द्यायचा.
"बुडून नाही मरत. लोक घाईनं मारतात."

बावीस हप्ते बाकी आहेत कॅमेऱ्याचे.
माझ्याकडे छत्री नाही.

तर आज इतवारी, मारबतीचा दिवस.
सकाळपासून कोंडलेलं आभाळ दहाला फुटलं.
पायऱ्यापायऱ्यांवर पोट्टे, गच्च्यांवर बाया,
ढोलांची कातडी भिजून आवाज बसलेला,
आणि बांबूनं विजेच्या तारा उचलत उचलत
ती आली, गल्लीच्या तोंडाशी अडली,
निळ्या मेणकापडाखाली.
बाहेर फक्त एक हात, पिवळा, बांगड्यांसकट.

दादा, एक मिनिट कापड काढा ना. फोटो.
त्यानं माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं:
पिशवी, चिकटपट्टी, रबर, आत काहीतरी काळं.
"तुमी आधी काढा."

मला हसू आलं. संध्याकाळी जाळणारच ना तिला?
"म्हणूनच तं जपतो, बाई. भिजली तं पेटत नाही.
वल्ली मारबत अर्धी जळते,
अर्धी इडापिडा गावातच ऱ्हाते."

तेवीस रबर काढायला किती वेळ लागतो
हे मला आज कळलं.
मागून लोक ओरडत होते, चाला बे, चाला.
तो म्हणाला, तीन मोजतो.
एकला कापड सरकलं.
दोनला तिचे डोळे, परातीएवढे, काजळ अजून ओलं,
गालावर एक थेंब पडला आणि रंगाचा ओघळ घेऊन निघाला,
एक माझ्या काचेवर.
तीन मी ऐकलंच नाही.

मग त्यानं त्याची सुतळी आवळली, मी माझे रबर.
दोन तुटले. एक सापडला नाही.

आता रात्र.
पंख्याखाली, टॉवेलवर, झाकणं उघडी टाकून
तो पडलाय, भोवती 'खाऊ नका'चा वेढा.
बॅटरी उशीखाली.
पिशवीत पाणी शिरलं होतं. किती, माहीत नाही.
बोट तीनदा बटणाकडे गेलं.

साडेदहाला देवानंद निखारेचा फोन.
नंबर मीच दिला होता, फोटो पाठवीन म्हणून.
पेटली का रे?
"पूर्ण. राखसुद्धा वल्ली नाही.
तुमचा फोटो आला का?"

टिपलाय, म्हटलं.
वाळतोय.