सहा विटा

पान उघडलं, पण चौकोनच आले.
भरमव्वाच्या उताऱ्यावर
नावाच्या जागी सहा, गावाच्या जागी सात.
सर्व्हे नंबर तेवढा धड आलेला,
आकड्यांची कुणी झडती घेत नाही.

"ह्या विटा कशाला मांडल्यास रे?"
खानापूरच्या भट्ट्यांवर तिची हयात गेली,
चौकोन दिसला की तिला वीटच दिसते.
"कच्च्या हायत का भाजलेल्या?"

मी रिफ्रेश मारलं.
कॅशे पुसली, कुकीज पुसल्या,
त्यात वीजबिलाचा पासवर्डही गेला.
दुसरा ब्राउझर उघडला. तिथं पान आलं
कणा काढून घेतल्यासारखं,
सगळी बटणं डाव्या कडेला ढीग होऊन पडलेली,
आणि विटा त्याच.
झूम कमी केलं, विटा बारीक झाल्या.
कॉम्प्युटरची तारीख बघितली: बरोबर, मंगळवार.
मोडेमची वायर काढून फुंकर मारून घातली.
ह्यानं कधीच काही होत नाही,
पण गिऱ्हाईक समोर बसलं की
हात गप्प बसत नाही.

मग फाँटचं फोल्डर.
'तुंगा' नाही.
दिवाळीत भाचा जोतिबा पुण्याहून आलेला,
मशीन हलकं करतो म्हणाला,
"मामा, हे कन्नड हितं कोण वाचतंय?"
मी चकली खात होतो.
हूं म्हणालो असेन.

तुंगा ही नदी. ती आमच्याकडं येत नाही,
आमची मलप्रभा.
शेजारच्या झेरॉक्सवाल्या इराण्णानं
किल्ल्यांच्या जुडग्यातला पेन ड्राइव्ह काढून दिला,
"अदन्नू कळकोंड्या?" म्हणत हसला.
तेपण घालवलंस व्हय.
त्याच्या काउंटरवरनं माझ्या टेबलापर्यंत
नदी खिशातनं आली,
एक एमबीसुद्धा नव्हती.

ब्राउझर बंद. परत चालू.
अक्षरं आली, गोल गोल, भाकरीच्या पिठासारखी
वळलेली.

भरमव्वाला कन्नड वाचता येत नाही.
मराठीही नाही.
मोजता मात्र येतं, हजारावर गेलं तरी चुकत नाही.
तिनं काचेवर बोट टेकवलं:
"सहा हुत्या की. आता चारच कशा?"

मावशी, शेवटच्या 'व'ला आणखी एक 'व' आहे,
तो खाली लागतो, त्याच्या पायाशी.
"बरं, पाच. आनि सहावी?"
सहावी नुसती खूण. दोघांना जोडते.
असते, पण दिसत नाही.

ती थांबली.
पदरानं काचेवरचा बोटाचा डाग पुसला.
"मग तो चिखल," म्हणाली,
"चिखल कुणी मोजत न्हाई, बाबा.
काढ प्रिंट. तीनची बस हाय मला."