मध्ये बोगदा आहे

दुपारचे अडीच. कूलर नुसता गरम वारा ढकलतोय,
त्याच्या पोटात पाणी नाही,
आज आमच्या गल्लीची पाळी नाही.
फोनवर शिवलीला म्हणते,
अण्णा, मार्सेहून गाडी सुटली बघा,
इथं सकाळचे अकरा, डावीकडच्या खिडकीला बसलेय.

मी विचारलं, डबे किती?
बत्तीस वर्षं हरंगुळजवळचं फाटक उघडलं-झाकलं,
कोण चाललंय, कुठं चाललंय, हे विचारायची रीत नव्हती.
डबे मोजायचे, शेवटच्या डब्यामागची फुली बघायची,
झेंडी गुंडाळायची.
तीनच, ती म्हणाली.
तीन डब्यांची काय गाडी!
आमच्यात त्याला शंटिंग म्हणतात.

ती हसली, आणि हसू अर्ध्यातच तुटलं.
प्रभावती आतून, काय झालं?
मी म्हणालो, बोगदा असंल.
जसं काही मला बोगद्यांचं लई कळतं.
एकदाच बघितलाय, कर्जतच्या घाटात,
तेव्हाही झोपेत होतो.

मग पुन्हा आवाज,
सगळा पांढरा दगड आहे अण्णा, चुन्यासारखा,
वर बुटकी झाडं, अन् पूल, अन् खाली—
खाली काय?
खाली काय, शिवे?
फोन कानाला तापलेला. भिंतीवर पाल.

त्या वर्षी चैत्रात मिरजेहून पाणी आलं होतं, रुळावरून.
लोक दोन्ही बाजूला उभे, घागर नाही कुणाच्या हातात,
नुसते बघायला आलेले, वरातीला यावं तसे.
गफूर पंक्चरवाला म्हणाला, मास्तर, हळू जाऊ द्या हो, सांडंल.
मी मास्तर नव्हतो, पण त्या दिवशी
सगळे मला मास्तर म्हणत होते.
टाक्या जाताना चाकांचा आवाज निराळा होता, भरल्या पोटाचा.
शिवलीला दहावीला. दोन दिवसांआड अंघोळ,
वेणीला तेल जास्त, म्हणून चिडलेली.
माझा शर्ट ओढून म्हणाली,
अण्णा, आत लाटा असतील का?
मी मोजत होतो. एकोणतीस, तीस.
गप, मोजणी चुकंल, म्हणालो.
पन्नास झाले. फुली दिसली. फाटक उघडलं.
पहिला गेला तो उसाचा ट्रॅक्टर, रिकामा.

…ऐकू येतंय का? अण्णा?
हां, बोल.
उतरले. नियोलाँ म्हणतात याला, छोटंसं स्टेशन आहे,
तिकीट तपासायलाही कुणी नाही.
उतारावरून चाललेय. आठ-दहा घरं, होड्या,
एक म्हातारा जाळं शिवतोय, तुमच्यासारखाच चष्मा,
दोरीनं बांधलेला.
आणि पोरं खडकावरून उड्या टाकतायत धाडधाड,
कुणी ओरडत नाही त्यांना.
मी म्हणालो, तू नको टाकू.
ती म्हणाली, टाकणारच.

मग म्हणाली, थांबा, ऐका,
आणि फोन खाली धरला असणार, पाण्याजवळ.
आधी वारा. मग काहीतरी ओढल्यासारखं,
मग सोडल्यासारखं.
मी डोळे झाकले.
सवयीनं बोटं चालायला लागली, एक, दोन,
अकरा, बारा, मांडीवर.
एकेक येते, जवळून जाते, मागून दुसरी,
एकीचं वजन दुसरीसारखं नाही.
तीसच्या पुढं गेलो.
चाळीस. पन्नास. पन्नासवर थांबलो थोडा,
फुली दिसंल म्हणून.
एक्कावन्न आली.

म्हणायचं होतं तिला, असतात गं. टाकीतही असतात.
तेव्हा सांगायला हवं होतं.
पण तिचा हात तिकडं पाण्यापाशी,
मी बोललो असतो तर समुद्राच्याच कानात गेलं असतं.

प्रभावती पदराला हात पुसत आली.
ठेवा आता, तिचे पैसे चाललेत, म्हणाली,
जेवली का तेवढं विचारा.
मी हात वर केला, जुनाच, झेंडीचा.
थांब, म्हणालो.
अजून गाडी पास व्हायची आहे.