नावात मासा

गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर
युनफांगच्या जिभेवरून चव गेली, नाकातून वास गेला.
डॉक्टर म्हणाला, येईल. कधी, ते नाही म्हणाला.
तिनं झारा माझ्या हातात दिला,
मिठाच्या कारखान्यात शिफ्ट सुटताना
पुढच्या माणसाच्या हातात पाना द्यायचो तसा,
न बोलता. दांडा अजून गरम.

एकतीस वर्षं मी त्सिगोंगच्या खाऱ्या विहिरींवर काढली.
मीठ मला टनांत कळतं.
चिमटीत नाही.

ती दाराशी स्टुलावर बसते, लसूण सोलत,
आणि कानानं स्वयंपाक करते.
"तेल अजून गप्प आहे. थांब."
"आता बोलायला लागलं. टाक."
"आच कमी कर, किंचाळतंय ते."

डुकराचं मांस आधी आल्याबरोबर उकडायचं,
गार करून कापायचं, मग पुन्हा कढईत.
काप कडेनं वर वळले पाहिजेत पणतीसारखे,
थेंबभर तेल त्यात राहील इतके.
माझे पहिले काप चपलेच्या तळव्यासारखे पडून राहिले.
तिनं एक काड्यांनी उचलून उजेडात धरला.
"ह्यात वात कुठे ठेवू?"

गॅलरीत तिचा मातीचा रांजण आहे:
मोठ्या वालांचा आणि लाल मिरचीचा ठेचा, तीन वर्षं आंबतोय.
उन्हात झाकण काढायचं, तळापासून ढवळायचं,
ढग दिसला की धावायचं.
ठेच्याचा रंग आता जुन्या विटेसारखा झालाय.
ती रोज रांजणात वाकून बघते,
नाक अगदी आत घालून,
आणि सरळ होताना माझ्याकडे बघत नाही.

वासाची बातमी आम्हाला खालून येते.
मियाओ बाई जिन्यातून ओरडतात:
"आज काय करपलं?"
किंवा नुसतंच, "वा!"
युनफांग दोन्ही ऐकून घेते, सारख्याच चेहऱ्यानं.

मग एकदा मासळीच्या वासाची वांगी केली.
मासा नसतो त्यात. कधीच नव्हता.
मुरलेली मिरची, आलं, लसूण, पातीचा कांदा,
व्हिनेगर आणि साखर जवळजवळ भांडणाऱ्या मापात.
नदीकाठच्या कुण्या घरी
मसाला उरला असेल आणि मासा परवडला नसेल,
असं मी आपलं धरून चालतो.
नावात मासा, कढईत नाही,
आणि आता तिच्यापाशी वासही नाही.
तरी तिनं दोनदा वाढून घेतली.
"कशी झालीत?"
"गरम आहेत. मऊ आहेत.
साल दाताखालून सरकते, ते बरं वाटतं."
खोटं बोलणं तिला चाळीस वर्षांत जमलं नाही,
आणि ह्या वयात कुठं शिकणार.

शुहानचा फोन येतो हार्बिनहून, तिथं बर्फ.
"बाबा, ठेचा किती घालायचा?"
"बेतानं," मी म्हणालो.
मागे स्टुलावर कुणीतरी हसलं.
ह्याच शब्दावरून मी तिच्याशी आयुष्यभर वाद घातला होता.

परवा मापो तोफू.
ह्वाच्यावचे दाणे, तिरफळाच्या गणगोतातले,
भाजून कुटले आणि डबी हातातून निसटली.
पुसून काढावं तर सगळं लाल तेलात बुडालेलं.
तसंच वाढलं.
तिनं एक घास घेतला आणि थांबली.
बोटं ओठांवर.
"काय झालं?"
"ओठ," म्हणाली. "ओठ वाजतायत."

ही चव नव्हे, वासही नव्हे.
विहिरीवर पंप सुरू झाला
की बुटांच्या आतून जमीन कळायची,
तसं काहीतरी.
तिचे डोळे भरून आले, तिखटानं म्हणा.
वाडग्यात तळ दिसेपर्यंत ती बोलली नाही.
मीही खाल्लं. जीभ कुठे संपते
आणि हवा कुठे सुरू होते, ते कळेना.

एक वाटी खाली पाठवली होती.
सकाळी ती परत देताना मियाओ बाई
जरा अडखळल्या:
"छानच होतं हो सगळं.
मीठ तेवढं दोनदा पडलंय."