रुमालाखाली

वडगावच्या जनावरांच्या बाजारात तात्या
समोरच्या हेड्याचा हात धरायचे
आणि वर उपरणं टाकायचे.
"शेकड्यात," एवढंच मोठ्यानं, चार लोकांना ऐकू जाईल असं.
बाकी बोटांत.
ज्याचा सौदा चाललाय त्या बैलालासुद्धा
पत्ता नसायचा.

मी विद्यापीठाच्या गच्चीवर, रात्री साडेअकराला,
कानटोपी घालून
प्रकाशाचा एकेक कण सोडते
कसबा बावड्याच्या दिशेनं.
तिकडं शमा नदाफ, मामाच्या पाण्याच्या टाकीशेजारी,
दुर्बिणीला शाल गुंडाळून.
मध्ये अख्खं कोल्हापूर,
आणि साखर कारखान्याची काजळी.

एक कण उभा, एक आडवा,
एक तिरका, एक दुसऱ्या अंगानं तिरका.
कुठला कसा, ते मीही छापा-काटा करूनच ठरवते.
दहातले नऊ धुळीत जातात.
जाऊ देत.

मग फोन. साधा, उघडा, कुणीही ऐकावा:
"सातवा?" "सरळ चष्म्यातनं." "माझापण."
"आठवा?" "तिरक्या." "सोड मग."
चष्मा कुठला ते सांगायचं,
दिसलं काय ते नाही.
शेकड्यात, तात्या.

उरेल त्याची किल्ली.

माघात एका रात्री पडताळा घेतला तर
शंभरात पंचवीस चुकीचे.
शमा म्हणाली, कुणीतरी बघतंय गं मधनं.
असेलही. किंवा कुणाच्या हळदीचा लेझर,
किंवा माझीच काच नखभर सरकलेली.
कणाला विचारता येत नाही.
पण एकदा पाहिलेला कण
न पाहिल्यासारखं वागूच शकत नाही,
एवढा भाबडा आहे तो.
रात्रभराची किल्ली टाकून दिली आम्ही.

उपरण्याचं टोक कुणी उचललं
की तात्याही असेच उठायचे.
शिवी नाही, काही नाही.
हात झटकायचा, चहा मागवायचा,
आकडा नवा.

सीपीआरमध्ये, वाचा गेल्यानंतर,
चादरीखाली त्यांनी माझी तीन बोटं धरली.
सोडली.
मग अंगठा, दाबून.
मी विचारलं, शेकड्यात का हजारात?
त्यांचे ओठ हलले असं मला वाटतं.
तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली,
चादर उचलून नीट केली तिनं,
आणि हात सुटला.

तीन, आणि अंगठा.
वहीत लिहून ठेवलंय, शेवटच्या पानावर.

आज हवा स्वच्छ आहे.
बावड्याकडं शमाचा कंदील दोनदा हलला.
सुरू करते.